आकडा विसरलेली गाडी : कीपॅड इमोबिलायझरची गोष्ट

आजचा विषय तळहातावर मावेल एवढा आहे. १९९० च्या दशकातल्या बऱ्याच प्यूजो आणि सित्रोएन गाड्यांमध्ये चालकाच्या हाताशी बटणांचा एक छोटा फलक असे. जुन्या टेलिफोनवर असतात तशीच बटणं. चावी फिरवली की त्यावर लाल दिवा लागायचा. चार आकडी कोड दाबला की हिरवा लागायचा आणि त्यानंतरच इंजिन सुरू व्हायचं. कोड न दाबता सेल्फ मारला तर स्टार्टर गरागरा फिरायचा, बॅटरी उतरेपर्यंत फिरायचा, पण इंजिन काही पकडायचं नाही.

या गाड्या आता पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या. ब्रिटनमध्ये, फ्रान्समध्ये त्यातल्या काही अजून रस्त्यावर आहेत, तिसऱ्या नाही तर चौथ्या मालकाकडे. आणि एखाद्या सकाळी लाल दिव्याचा हिरवा होत नाही. इंजिन ठणठणीत आहे, टाकीत पेट्रोल आहे, गाडीचे कागद मालकाच्या नावावर आहेत, पण गाडी त्याला मालक मानायला तयार नाही. चोरासाठी बसवलेलं कुलूप मालकावरच उलटलेलं असतं. हे असं का होतं, याचं उत्तर वायरिंगमध्ये आहेच, आपण तिथंही जाणार आहोत. पण निम्मं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आधी मागे जाऊ.

मोटारगाडी नवी होती तेव्हा तिला कुलूप लागतच नव्हतं म्हणायला हरकत नाही, कारण ती सुरू करणं हेच अंगमेहनतीचं काम होतं. पुढे उभं राहून हँडल मारायचं, ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली कॅडिलॅकनं चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आपल्या गाड्यांना बसवला आणि हे कष्ट संपले. मालकाचे संपले तसे चोराचेही संपले. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत मोटारचोरी एवढी वाढली की १९१९ साली तिथल्या काँग्रेसनं डायर कायदा केला. चोरलेली गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्रीय गुन्हा ठरला.

त्याच १९१९ साली एका पेटंटची नोंद आहे आणि आमच्या मते आजच्या गोष्टीतला सगळ्यात गमतीचा भाग तोच. सेंट जॉर्ज एव्हान्स आणि एडवर्ड बर्केनब्यूएल या दोघांनी एक यंत्रणा काढली. चालकाच्या सीटखाली तीन बाय तीनची स्विचांची चौकट. इग्निशन लावलं की वीज आधी या चौकटीतून जायची. स्विच बरोबर जुळवलेले असतील तर मॅग्नेटो चालू होऊन इंजिन सुरू व्हायचं. चुकीचे असतील तर वीज हॉर्नकडे वळायची आणि गाडी भर रस्त्यात बोंब मारायची. मालक गाडी सोडून जाताना दर वेळी नवी जुळणी लावू शकायचा. म्हणजे बघा, नऊ जागा, त्यांतली गुप्त जुळणी, आणि ती चुकली तर इंजिन बंद. प्यूजोच्या कीपॅडची कल्पना इथं जवळजवळ पूर्ण आहे, आणि अजून ट्रान्झिस्टरचा शोधसुद्धा लागलेला नाही.

गाड्या मात्र या वाटेनं गेल्या नाहीत, त्या चावीच्या वाटेनं गेल्या. १९४९ च्या क्रायस्लर गाड्यांत इग्निशन आणि स्टार्टर एकाच चावीत आले. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण तेव्हापासून चावी म्हणजे गाडी हे समीकरण पक्कं झालं. अडचण एवढीच की इंजिन सुरू करणारी ती चावी आतून शेवटी एक स्विचच होती. स्विचच्या मागे वायरी असतात. डॅशबोर्डखाली हात घालून योग्य वायरी एकमेकींना जोडल्या की चावीची गरज उरत नाही. आपल्याकडचे मेकॅनिक याला ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात. फार नेमका शब्द आहे तो.

यावर पहिला जबरदस्त उपाय निघाला तो विजेचा नव्हता, लोखंडाचा होता. स्टिअरिंग लॉक. चावी काढली की एक खिळ आत सरकते आणि स्टिअरिंग अडकतं. वायरी जोडून इंजिन सुरू केलंत तरी गाडी वळवणार कशी? इथं दोन देशांची तुलना करावी लागते, कारण पुढचं सगळं समजायला ती उपयोगी पडते.

पश्चिम जर्मनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं, आणि फक्त नव्या गाड्यांना नव्हे, रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांनाही. तिथं चोऱ्या ठळकपणे कमी झाल्या. ब्रिटननं १९७१ पासून ते फक्त नव्या गाड्यांना लागू केलं. मग लंडनमध्ये काय झालं, हे ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधकांनी १९७६ च्या एका प्रसिद्ध अहवालात मांडलं. चोरीला गेलेल्या गाड्यांमध्ये नव्या गाड्यांचं प्रमाण १९६९ साली साधारण पाचात एक होतं, ते १९७३ साली विसात एकावर आलं. नव्या गाड्यांचे मालक खूश. पण चोर काही घरी बसले नव्हते, त्यांनी मोर्चा जुन्या गाड्यांकडे वळवला होता. आणि जुनी गाडी कुणाची असते? ज्याला नवी परवडत नाही त्याची. आजच्या गोष्टीत ही बाब पुन्हा येणार आहे, लक्षात असू द्या.

आपल्याकडे तोवर काय चाललं होतं? गिअर लॉक, स्टिअरिंगवर आडवा लावायचा दांडा, आणि चोरस्विच. हा चोरस्विच मोठा मजेदार शब्द आहे. मराठीत लपलेल्या गोष्टीला आपण चोराचं नाव देतो. चोरकप्पा, चोरवाट, चोरदरवाजा. त्यातलाच हा भाऊ. सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे एक साधं बटण लपवायचं आणि इग्निशनची किंवा इंधनपंपाची वायर त्यातून न्यायची. बटण कुठं आहे हे ज्याला ठाऊक तोच मालक. वरवर हा जुगाड वाटतो, पण नीट पाहिलं तर तत्त्व अगदी वेगळं आहे. चावी खिशात असते आणि खिशातून ती काढून घेता येते. चोरस्विचची जागा डोक्यात असते. मालकीचा पुरावा वस्तूमध्ये ठेवायचा की माहितीमध्ये, हा तो प्रश्न. कीपॅड हा या चोरस्विचचाच शिकलासवरलेला वंशज आहे.

याच काळात दुसरी वाटही निघाली होती, वस्तूच अधिक हुशार करण्याची. १९८६ च्या शेवरले कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सनं चावीच्या पात्यात एक छोटा रेझिस्टर बसवला. १५ वेगवेगळी मूल्यं होती, त्यातलं प्रत्येक गाडीला एक. चावी लावली की गाडी तिचा रोध मोजायची आणि तो चुकला तर काही मिनिटं स्टार्टच व्हायची नाही. पंधराच मूल्यं म्हणजे फार नव्हे, पण दर चुकीला काही मिनिटं थांबावं लागलं तर चोराची पंचाईत होते. ही ‘चुकलात तर थांबा’ची युक्ती पुढे कीपॅडमध्येही आली.

आता १९९० च्या दशकात येऊ. दोन ठिकाणी दोन कारणांनी गाडीचोरीनं कळस गाठला होता. जर्मनीत भिंत पडली, पूर्वेच्या सीमा खुल्या झाल्या आणि चोरीच्या गाड्यांना नवा बाजार मिळाला. ब्रिटनमध्ये वेगळंच प्रकरण होतं. तिथं पुष्कळशा चोऱ्या गाडी विकण्यासाठी नव्हत्या, रात्री भरधाव पळवून कुठंतरी टाकून देण्यासाठी होत्या. त्याला तिथं जॉयरायडिंग म्हणत. त्यात माणसं मरत होती, म्हणून १९९२ साली त्यासाठी खास कायदा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२-९३ च्या सुमारास वर्षाला जवळजवळ ६ लाख वाहनचोऱ्या नोंदल्या जात होत्या. विमा कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हप्ते वाढवले आणि गाडी बनवणाऱ्यांवर दबाव आणला. कायद्याच्या आधी विमावाले पोहोचले, हे या इतिहासात वारंवार दिसतं.

फ्रेंच कंपन्यांनी यावर दोन वेगळी उत्तरं दिली. रेनोनं रिमोटवर विश्वास ठेवला. त्यांच्याकडे त्याचा वारसाच होता. १९८२ च्या रेनो फ्युएगोमध्ये पॉल लिपशुत्झ यांनी बनवलेलं रिमोट सेंट्रल लॉकिंग आलं होतं आणि त्यांच्या नावावरूनच फ्रेंचमध्ये गाडीच्या रिमोटला आजही ‘प्लिप’ म्हणतात. प्यूजो-सित्रोएन गटानं मात्र पुष्कळ मॉडेलांमध्ये आकड्यांचा कीपॅड बसवला. प्यूजो १०६, ३०६, ४०५, सित्रोएन झेडएक्स, झान्टिया, साक्सो ही त्यातली ठळक नावं. प्यूजो हे नाव कल्याण-डोंबिवलीकरांना अनोळखी नाही. याच काळात प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनत होती. ती याच घराण्यातली, वयानं थोडी मोठी गाडी.

हे कुलूप नेमकं काय बंद करायचं? इथं पेट्रोल आणि डिझेल वेगळे पडतात.

पेट्रोल गाडीत तोवर कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं होतं. म्हणजे इंधन कधी, किती आणि ठिणगी केव्हा, हे ठरवणारा एक इलेक्ट्रॉनिक डबा होता, ईसीयू. कीपॅड थेट त्याच्याशी बोलायचा. बरोबर आकडा आला की कीपॅडकडून ईसीयूला सांकेतिक निरोप जायचा आणि तो कामाला लागायचा. निरोप नाही तर इंधन नाही. इथं चोराला जोडायला वायरच उरत नाही. वायर कापली तर निरोपही थांबतो, आणि गाडी बंदची बंद. ‘डायरेक्ट करणं’ हा धंदा इथं संपला.

डिझेलचं तसं नाही. त्या काळच्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नव्हती आणि बहुतेकांना ईसीयूही नव्हता. पंपावर एक छोटा सोलेनॉइड असायचा. त्याला बारा व्होल्ट मिळाले की डिझेलची वाट उघडी, नाही मिळाले की बंद. मग चोर बॅटरीपासून एक वायर आणून थेट तिथं लावणार, हे उघड होतं. म्हणून कंपनीनं सांकेतिक निरोप समजणारा एक छोटा मॉड्यूल थेट पंपावर, त्या सोलेनॉइडजवळ बसवला आणि त्यावर लोखंडी कवच घालून डोकं तुटणारे बोल्ट लावले. कसताना डोकं तुटून पडतं, मग पाना लावायला जागाच राहत नाही. रस्त्यावरच्या चोराला पाच मिनिटांत जमणारं हे काम नव्हे. पुढं पंचवीस वर्षांनी गॅरेजमधल्या मेकॅनिकलाही छिन्नी-हातोडा घेऊन त्याच कवचापाशी घाम गाळावा लागणार होता, तो भाग वेगळा.

चार आकडे म्हणजे १०,००० शक्यता. वर काही चुकीचे प्रयत्न झाले की कीपॅड बराच वेळ गप्प बसायचा. कागदावर हे उत्तम कुलूप आहे. पण इथं थोडं गणित करू. मालक रोज तीच बटणं दाबतो. वर्ष-दोन वर्षांत त्या बटणांवरचे आकडे पुसट होतात. चार वेगवेगळी बटणं झिजलेली दिसली की चोराला फक्त क्रम शोधायचा उरतो, आणि चार आकड्यांचे क्रम किती? २४. दहा हजारांचे चोवीस झाले. गंमत अशी की कोडमध्ये एखादा आकडा दोनदा असेल तर झिजलेली बटणं तीनच दिसतात, पण शक्यता वाढून ३६ होतात. बऱ्याच लोकांनी मात्र जन्मसाल ठेवलं किंवा एकच बटण चारदा. माणूस असाच वागणार, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसातून आठ वेळा गाडी चालू करणाऱ्या माणसाकडून तुम्ही दर वेळी परीक्षा घेतलीत तर तो सोपाच पेपर काढणार. शिवाय गाडी धुवायला, दुरुस्तीला दिली की कोड सांगणं आलं. म्हणून या यंत्रणेत कोड तात्पुरता बंद ठेवायची सोय होती आणि कंटाळलेले मालक ती कायमचीच वापरायचे.

कीपॅडला बाजूला सारलं ते ट्रान्सपाँडरनं. चावीच्या प्लास्टिकमध्ये एक इवलीशी चिप, तिला बॅटरीसुद्धा लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला शक्ती मिळते आणि ती आपली ओळख सांगते. चालकाला काही आठवावं लागत नाही, काही दाबावं लागत नाही. युरोपीय संघानं १९९५ साली ९५/५६ क्रमांकाचा निर्देश काढला आणि ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. त्यानंतर कीपॅडचं काम जवळजवळ संपलं. पुरावा डोक्यातून पुन्हा खिशात आला.

उपाय लागू पडला का? निःसंशय. नेदरलँड्समधले दोन अर्थशास्त्रज्ञ, यान व्हान ओअर्स आणि बेन व्होलार्ड, यांनी या सक्तीचा अभ्यास केला. चोर दुसऱ्या गाड्यांकडे वळले तो परिणाम धरूनसुद्धा पुढच्या दहा वर्षांत गाडी चोरीला जाण्याची शक्यता सरासरी निम्म्यानं घटली, असा त्यांचा निष्कर्ष. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या ६ लाख चोऱ्या वीसेक वर्षांत लाखाच्या खाली आल्या. सगळं श्रेय इमोबिलायझरचं नाही, पण मोठा वाटा त्याचा आहे.

तेव्हा आम्ही इथं इमोबिलायझरविरुद्ध बोलायला उभे नाही. बोलायचं आहे ते त्याच्या म्हातारपणाबद्दल. कुलूप बनवताना पहिल्या मालकाचा विचार झाला होता. चौथ्या मालकाचा झाला नव्हता.

समजा लाल दिव्याचा हिरवा होत नाही. जाणता मेकॅनिक पहिल्यांदा काय पाहतो? स्टार्टर फिरतो का. या कीपॅडवाल्या गाड्यांमध्ये इमोबिलायझर इंधन आणि ठिणगी रोखतो, स्टार्टर सहसा रोखत नाही. तेव्हा स्टार्टर फिरतच नसेल, नुसती टकटक होत असेल, तर कीपॅडला शिव्या घालण्यात अर्थ नाही. बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, स्टार्टर, या क्रमानं पाहावं. बाहेरून बसवलेल्या इमोबिलायझरची गोष्ट निराळी. त्यातले पुष्कळसे स्टार्टरचीच वायर तोडतात, आणि बसवणाऱ्याने कुठं काय कापून जोडलंय हे त्यालाच ठाऊक. अशा जुन्या गाडीत कंपनीचा कीपॅड आणि वर कुणीतरी लावलेला दुसरा इमोबिलायझर अशी जोडीही सापडते. मग एकाचा राग दुसऱ्यावर निघतो.

स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही, तर दिव्यांकडे पाहायचं. एकही दिवा लागत नसेल तर कीपॅडला वीजच मिळत नाही. फ्यूज, मागचा कनेक्टर, अर्थची वायर. लाल लागतो पण आकडा स्वीकारत नाही, तर एकेक बटण सावकाश दाबून पाहायचं. बऱ्याच कीपॅडमध्ये दाबलं की बारीक बीप येतो. ज्या बटणाला बीप नाही ते मेलं. आतमध्ये रबराखाली कार्बनचा ठिपका असतो, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसाच, आणि तो झिजतो. रोज वापरलेल्या बटणांचाच झिजतो, म्हणजे नेमका आपल्या कोडचाच! इथं घाई करून चार-सहा वेळा आकडा दाबला तर ते चुकीचे प्रयत्न ठरतात आणि कीपॅड रुसून बसतो. मग मालकाला वाटतं कीपॅड मेला. खरं तर तो फक्त वेळ मोजत असतो. गाडीसोबतच्या पुस्तिकेत किती थांबायचं ते असतं, तेवढं थांबावं.

हिरवा लागतो पण सेल्फ मारला की पुन्हा लाल? स्टार्टर खूप विद्युतप्रवाह ओढतो, म्हाताऱ्या बॅटरीचा व्होल्टेज त्या क्षणी कोसळतो आणि कीपॅडची स्मृती हलते. जंप लीड लावून दुसऱ्या चांगल्या बॅटरीवर एकदा पाहिलं की उलगडा होतो. थंडीतच त्रास होत असेल तर संशय आधी बॅटरीवर घ्यावा, आणि त्यानंतर आतल्या सोल्डरच्या सांध्यांवर. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं सांध्यांना केसासारख्या भेगा पडतात. गाडी गरम झाली की चालतं, गार झाली की नाही. भिंग घेऊन पाहिलं आणि सांधा पुन्हा तापवून बसवला की अशी कित्येक प्रकरणं मिटतात.

आणि हिरवा लागून टिकतोय, तरीही इंजिन नाही, तर बहुतेक वेळा इमोबिलायझर निर्दोष असतो. क्रँक सेन्सर, पेट्रोलचा पंप, रिले. डिझेल असेल तर चावी लावल्यावर पंपावरचा सोलेनॉइड ‘टक’ करतो का ते कान देऊन ऐकायचं. हे सांगायचं कारण, जुन्या गाडीत एक गूढ डबा असला की प्रत्येक आजाराचं खापर त्याच्यावर फुटतं.

खरी कोंडी होते ती कोडच माहीत नसला की. मालकानं आपला आकडा बदललेला असायचा, त्यामुळे तो कंपनीच्या कुठल्याच वहीत असणं शक्य नव्हतं. विकताना चावी दिली, कागद दिले, आकडा सांगायचा राहिला. किंवा कोड वर्षानुवर्षं बंदच ठेवलेला होता, तो चालू कधी झाला कुणाला कळलं नाही. अशा वेळी लोकांना वाटतं, कीपॅडची वायरच काढून टाकू. पण ईसीयू आधीच कुलूपबंद झालेला असतो, तो निरोपाची वाट पाहत तसाच राहतो. बरं, भंगारवाल्याकडून दुसरा ईसीयू आणावा, तर तो त्याच्या जुन्या कीपॅडशी बांधलेला. म्हणून अनुभवी लोक भंगारातून ईसीयू आणि कीपॅड अशी जोडीच घेतात, कोडसकट. किंवा गाडी भंगारात जाण्याआधी कोड बंद केलेला होता, असा ईसीयू शोधतात. हे न जमलं तर नवा ईसीयू, आणि त्याची किंमत पाहता तीस वर्षांच्या गाडीवर तो खर्च करायला कुणी धजत नाही. धावू शकणारी गाडी चार आकड्यांपायी मोडीत निघते. स्टिअरिंग लॉकच्या वेळी आपण पाहिलं, तोटा जुन्या गाडीवाल्याला झाला. इथंही तोच माणूस आहे. त्या वेळी त्याच्या गाडीला कुलूप नव्हतं म्हणून, आता आहे म्हणून.

हे टाळता आलं असतं का? आम्हाला वाटतं, आलं असतं. फियाटनं त्याच काळात, १९९५ च्या सुमारास, आपल्या चिपवाल्या चाव्यांसोबत एक कार्ड दिलं. त्यावरच्या पाच आकडी कोडनं, ॲक्सिलरेटरचं पेडल ठरावीक वेळा दाबून, चिप बिघडली तरी गाडी सुरू करता यायची. पेडल दाबून आकडे मोजणं हे पंचांग वाचण्याइतकं किचकट होतं, पण मागचा दरवाजा होता. अर्थात त्याच फियाटची लाल मास्टर चावी हरवली की नव्या चाव्यांसाठी ईसीयूपर्यंत खर्च जायचा, तेव्हा शहाणपण कुणा एकाकडे होतं असं नाही. प्यूजोनंही पुढे चिपच्या गाड्यांबरोबर एक गोपनीय कार्ड दिलं. नवी चावी गाडीला ओळखीची करायची तर त्यावरचा कोड लागतो. आजही वापरलेली प्यूजो घेताना ते कार्ड गहाळ असल्याचं कळतं आणि भाव तिथंच पडतो. चार आकडे कीपॅडवरून कार्डावर गेले, एवढंच.

इमोबिलायझर नसला तर काय होतं, याचाही ताजा दाखला आहे. कॅनडानं सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा केला, अमेरिकेनं केला नाही. किया आणि ह्युंदाई या कंपन्यांनी अमेरिकेत पुढची बारा-चौदा वर्षं चावीवाल्या स्वस्त मॉडेलांपैकी पुष्कळशी त्याविना विकली. २०२१ च्या आसपास मिलवॉकी शहरातून त्या गाड्या पळवण्याची लाट सुरू झाली आणि तिचे व्हिडिओ देशभर पसरले. कंपन्यांना अखेर २०२३ मध्ये सॉफ्टवेअरची दुरुस्ती द्यावी लागली. सीमेपलीकडे कॅनडात त्याच मॉडेलांना इमोबिलायझर होता. पुन्हा पाहा, गाड्या कुणाच्या होत्या? कमी किमतीच्या गाड्या घेणाऱ्यांच्या.

श्रोत्यांकडून एक चिठ्ठी आली आहे, की मग आजच्या चिपवाल्या चाव्यांचंही पुढे असंच होणार का? व्हायला लागलंय. त्यात आणखी एक गुंता आहे. कीपॅडचं गुपित मालकाचं होतं, चिपचं गुपित कंपनीचं आहे. फ्लाव्हिओ गार्सिया आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधकांनी एका प्रचलित चिपच्या सांकेतिक पद्धतीतला कच्चेपणा शोधला, तेव्हा फोक्सवॅगननं २०१३ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून त्यांच्या शोधनिबंधावर मनाई आणली. तो छापला गेला २०१५ मध्ये. ती दोन वर्षं मालकांना आपल्या कुलपाची खरी अवस्था कळली नाही. चोरांना कळली होती की नाही, हे त्यांनाच विचारावं लागेल.

दुसरी चिठ्ठी एका गृहस्थांची आहे. ते सध्या इंग्लंडमध्ये असतात आणि १९९६ ची ३०६ घ्यायच्या विचारात आहेत. घ्या, गाडी छान आहे. फक्त पैसे देण्याआधी विकणाऱ्याला तुमच्यासमोर कीपॅडवर कोड दाबायला सांगा, हिरवा दिवा आणि चालू इंजिन डोळ्यांनी पाहा, मग गाडी बंद करून तोच कोड स्वतः दाबून पाहा. ‘आम्ही तो कधी लावतच नाही’ असं तो म्हणाला तर कोड लावून, काढून दाखवायला सांगा. मूळ पुस्तिका मागून घ्या. पिवळी पडलेली असेल, कोपरे कुरतडलेले असतील, तरी घ्या. आणि तिच्यात कुठंतरी पेन्सिलनं चार आकडे लिहिलेले सापडले, तर ते खोडू नका.